नियंत्रण-कक्षातील नकार



कारखान्यातील यंत्रे धडधाकट असतात, तारा शाबूत असतात. तरीही नियंत्रण-कक्षातील पडद्यावरचे आकडे एकाएकी थिजतात व ‘प्रवेश नाकारला’ अशी सूचना उमटते. अशा वेळी प्रथम पारखावे, की नकार परवान्याचा आहे की अधिकाराचा? परवाना बहुधा विशिष्ट संगणकाशी निगडित असतो. संगणक बदलल्यास तो रीतसर हस्तांतरित करावा लागतो. अधिकार मात्र वापरणाऱ्याच्या खात्यावर व जोडणीच्या सुरक्षिततेवर अवलंबून असतो.

१४ मार्च २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील ‘डीकॉम’ या दुव्याची कडक सुरक्षा अनिवार्य केली. ‘ओपीसी क्लासिक’ पद्धतीने दुसऱ्या संगणकावरून तापमान, दाब मिळविणाऱ्या ज्या जुन्या प्रणाली या कसोटीस उतरल्या नाहीत, त्यांचा संपर्क तुटला. तेथे परवाना पुन्हा बसवून काय उपयोग? सर्व्हरच्या नोंदींत १००३६ हा क्रमांक आढळल्यास दोषाचे मूळ सापडते. प्रणाली अद्ययावत करणे किंवा ‘ओपीसी यूए’चा अवलंब करणे, हा त्यावरील उपाय होय.

घाईने सर्वांनाच सर्वाधिकार देणे मात्र घातक ठरते. जे कुलूप घटकाभर कामगाराला अडविते, तेच बॉयलरच्या झडपेपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या परक्या हातालाही अडविते, याचे भान सुटता कामा नये.