एपिंगचं रान आणि आईचा कोयता
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, "तुम्ही लंडनला जाऊन आलात, त्यावर दोन शब्द बोला." आता लंडन म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच पत्ता येतो. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ साली शिकत असताना ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. मी तिथे गेलो, नतमस्तक झालो. परंतु त्या घराविषयी माझ्यापेक्षा जाणकार माणसं या व्यासपीठावरून बोलून गेलेली आहेत. मी सातवी शिकलेला सूतगिरणीतला कामगार. त्यात मी काय भर घालणार? म्हणून मी आज एका जंगलाविषयी बोलणार आहे. हसू नका. हे सगळं मी थट्टेनं बोलत नाही.

माझी थोरली मुलगी तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे, हे आपल्याला माहीतच आहे. तिनं पैसे साठवून मला २०२३ च्या ऑक्टोबरात बोलावून घेतलं. एका सुट्टीच्या दिवशी म्हणाली, "आप्पा, आज तुम्हाला रान दाखवते." मी म्हटलं, अगं, रानातून निघून शहरात यायला माझं आयुष्य गेलं आणि तू मला लंडनमध्ये रान दाखवतेस? पण पोरीचं मन मोडवेना.

तिथली सेंट्रल लाईन म्हणजे आपल्या लोकलसारखीच. काही अंतर जमिनीखालून जाते, मग वर येते. लाउटन नावाच्या स्टेशनावर उतरलो, वीस-पंचवीस मिनिटं चाललो आणि जंगल लागलं. फाटक नाही, तिकीट नाही, कोण तुम्ही म्हणून विचारणारा शिपाई नाही. याला एपिंग फॉरेस्ट म्हणतात. सुमारे सहा हजार एकर. लंडनच्या पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांपासून निघून उत्तरेला एपिंग गावापर्यंत लांबच लांब पसरलेलं.

ही सगळी रुंद पानांची झाडं. बीच, ओक, हॉर्नबीम, पांढऱ्या सालीचा बर्च. आपल्याकडे साग, पळस पाणी कमी पडलं की पानं टाकतात. तिकडे थंडी आली, उजेड कमी झाला की पानं टाकतात. मी गेलो तेव्हा पानगळ जोरात होती. बीचची पानं तांब्याच्या नव्या भांड्यासारखी, आणि खाली घोट्यापर्यंत तोच थर. बीचची साल गुळगुळीत, करडी, हत्तीच्या पायासारखी. हॉर्नबीमचं खोड मात्र पिळदार, हमालाच्या दंडावर नसा उठाव्यात तसं.

तेहतीस वर्षं मी रिंगफ्रेम खात्यात काढली. तिथला आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. पाळी सुटली तरी साचे डोक्यात चालूच राहतात, झोपेतसुद्धा. त्या रानात अर्धा तास चाललो आणि माझ्या लक्षात आलं की कानातले साचे बंद पडलेत. मी तसाच उभा राहिलो. मुलगी घाबरली, म्हणाली, "आप्पा, छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, नाही गं, ऐकतोय.

मग मी झाडं नीट बघायला लागलो. बहुतेक जुनी झाडं एका चमत्कारिक आकाराची होती. माणसाच्या उंचीच्या थोडं वरपर्यंत एकच जाडजूड खोड, आणि तिथून एकदम पाच-सात जाड फांद्या सरळ आभाळाकडे. मूठ जमिनीत रोवून बोटं वर केल्यासारखी. एकाला वीज लागली म्हणावं, पण शेकडो झाडं तशीच! मी मुलीला म्हटलं, "हे झाड आपोआप असं वाढलेलं नाही. ह्याला कोयता लागलाय." ती हसली. पुढे एक माहितीचा फलक होता, तो तिनं मला वाचून दाखवला. खरंच निघालं. पूर्वीचे गरीब लोक सरपणासाठी ही झाडं डोक्याच्या वरच्या उंचीला छाटायचे. बुंध्यापाशी तोडलं तर नवे कोंब गुरं आणि हरणं खाऊन टाकतील, म्हणून वर छाटायचं. काही वर्षांनी फांद्या पुन्हा तयार. झाड मरत नाही, उलट जास्त जगतं. काही झाडं तीन-चारशे वर्षांची आहेत. अशी छाटलेली म्हातारी झाडं त्या रानात पन्नास हजारांवर आहेत.

मी ते कसं ओळखलं? बंधूंनो, माझी आई मोळी विकायची. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला. आई आणि चुलती पहाटे अंधारात वर जायच्या, टहाळ तोडून, वाळकी फांटी जमवून दुपारी बाजाराच्या गावी नेऊन विकायच्या. मी सात-आठ वर्षांचा असेन. एके दिवशी दगडांच्या बुरजीच्या अलीकडे गार्डानं आईला धरलं. मोळी फेकून दिली, शिव्या दिल्या आणि कोयता काढून घेतला. आई दोन दिवस जेवली नाही. मोळी गेल्याचं दुःख नव्हतं. कोयता लोहाराकडून उधारीवर घडवून घेतलेला होता आणि उधारी फिटायची होती. त्या रानात त्या झाडाला हात लावला तेव्हा मला तो कोयता आठवला.

आता त्या लाउटन गावची गोष्ट ऐका. हे राजाचं शिकारीचं रान. राजाची हरणं मोकळी फिरावीत म्हणून तिथे कुंपण घालायला बंदी होती, आणि त्या आडोशानं गरिबाला गुरं चारायचा आणि लाउटनच्या लोकांना फांद्या छाटायचा हक्क शतकानुशतकं चालत आलेला होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत, म्हणजे थंडीभर. पुढे राजसत्तेला शिकारीत रस उरला नाही. तिनं आपले रानावरचे हक्क जहागीरदारांना विकायला काढले. शेजारचं हेनॉल्ट नावाचं रान १८५१ चा कायदा करून मोकळं केलं आणि बघता बघता झाडं उपटून साफ केलं. मग लाउटनच्या जहागीरदारानं, जॉन व्हिटेकर मेटलंड त्याचं नाव, १८६० च्या दशकात हजार एकरांहून जास्त रानाला कुंपण घातलं. गंमत बघा, तोच त्या गावच्या चर्चचा धर्मगुरूही होता! आपल्याला हे चित्र अनोळखी नाही.

गावात थॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर होता. त्यानं कुंपण मानलं नाही. लोक एक कथा सांगतात. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री कुणीतरी पहिली फांदी तोडलीच पाहिजे, नाही तर हक्क बुडाला, अशी समजूत होती. म्हणून जहागीरदाराच्या बाजूनं सगळ्या छाटणाऱ्यांना त्या रात्री जेवणाला बोलावलं आणि भरपूर दारू पाजली. म्हाताऱ्याला डाव कळला. तो कुऱ्हाड घेऊन उठला, रानात गेला आणि बाराच्या ठोक्याला फांदी तोडून आणली. ही झाली दंतकथा, तिच्यात तिखटमीठ असणार. पण मला तिच्यात महाड दिसलं. चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावानं १९२४ सालीच खुलं झालेलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ते खरोखर खुलं झालं.

दंतकथा सोडा, पुढचं नोंदलेलं आहे. १८६६ साली विलिंगेलच्या घरातल्या तिघांना छाटणी केली म्हणून तुरुंगात जावं लागलं. म्हाताऱ्यानं तरी कोर्टात दावा लावला. नुकत्याच निघालेल्या एका संस्थेनं, सार्वजनिक कुरणं-रानं वाचवण्यासाठी ती १८६५ साली स्थापन झाली होती, त्याला पाठबळ दिलं. १८७० साली म्हातारा वारला आणि दावा तिथेच खुंटला. पण आग विझली नाही. जुलै १८७१ मध्ये रानाच्या दक्षिण टोकाला वॉन्स्टेड फ्लॅट्स या मैदानावर पूर्व लंडनचे हजारो कामगार जमले आणि त्यांनी कुंपण मोडून टाकलं.

मग लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने कोर्टात उडी घेतली. त्यांना हक्क काय? तर त्यांनी त्या भागात स्मशानभूमीसाठी जमीन घेतलेली होती आणि त्या जमिनीला जोडून रानात गुरं चारायचा हक्क होता! तेवढ्या धाग्यावर खटला उभा राहिला. १८७४ साली निकाल लागला की जहागीरदारांची कुंपणं बेकायदेशीर. आणि १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटने एपिंग फॉरेस्टचा कायदा केला, की हे रान जनतेच्या आनंदासाठी कायम विनाकुंपण आणि विनाबांधकाम ठेवावं. मे १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणी स्वतः तिथे आली आणि तिनं ते रान जनतेला अर्पण केलं. कायदा किती पक्का बघा. १९८० च्या दशकात लंडनभोवतीचा मोठा महामार्ग तिथे आला, तेव्हा तो बोगद्यातून खालून न्यावा लागला. आता बोगद्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

१८७८ हा आकडा ऐकला आणि मी तिथल्या बाकावर बसलो. कारण तो आकडा मी आपल्या विहाराच्या वाचनालयात कितीदा वाचलेला होता. हिंदुस्थानचा जंगल कायदा, तोही १८७८ चाच! राज्य एकाच राणीचं. तिकडे सांगितलं, कुंपण काढा. इकडे त्याच वर्षी सांगितलं, राखीव जंगल करा, लोकांच्या चराईला, सरपणाला बंदी घाला. ती बुरजी, तो गार्ड, आईच्या हातातून गेलेला कोयता, ही सगळी त्या कायद्याची पिलावळ. महात्मा फुल्यांनी हे त्याच वेळी ओळखलं होतं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात त्यांनी जंगल खात्यानं डोंगर-गायरानं गिळल्याबद्दल सरकारला धारेवर धरलेलं आहे.

पण म्हणून तिकडे सगळं सोन्याचं झालं, असं समजू नका. एपिंगच्या कायद्यानं रान वाचलं, पण छाटणीचा हक्क मात्र बंद केला. ज्या हक्कासाठी विलिंगेलची पोरं तुरुंगात गेली तोच गेला. त्या बदल्यात गावाला १८८४ साली एक सभागृह बांधून दिलं. त्याचं नावच लॉपिंग हॉल, म्हणजे छाटणीचं सभागृह. परत येताना आम्ही ते बघितलं. दारावर लाल मातीच्या कोरीव कामात छाटणारे लोक दाखवलेत. मी मुलीला म्हटलं, माणसं भिंतीवर गेली आणि कोयते म्युझियममध्ये.

झाडांनाही ते मानवलं नाही. शंभर वर्षं कोयता लागला नाही, तेव्हा वरच्या फांद्या वाढून वाढून जड झाल्या, खोडं फाटायला लागली, म्हातारी झाडं उन्मळायला लागली. खाली दाट सावली पडली, गवत-फुलं मेली. आता अलीकडच्या दशकांत कॉर्पोरेशनच माणसं लावून काही झाडं पुन्हा छाटून घेतं आणि गुरंही चारतं. लांब शिंगांच्या गाई आम्ही पाहिल्या. त्यांच्या गळ्यात एक यंत्र असतं, ठरलेल्या हद्दीजवळ गेली की ते वाजतं आणि गाय मागे फिरते. कुंपण नाही, पण कुंपण आहे! म्हणजे आईसारख्या बायांना जंगलाची दुश्मन ठरवणारे साहेब लोक चुकले होते, एवढं त्या झाडांनीच सिद्ध केलं.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींखेरीज इतरांना त्यात तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. मोळीवालीनं पंच्याहत्तर वर्षांचा कागद कुठून आणायचा? ज्यांच्या गावाकडे असे दावे किंवा गायरानाच्या नोंदी अडकल्यात, त्यांनी जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका. त्या दंडाच्या असल्या तरी तुमची वहिवाट दाखवणारा तोच पुरावा आहे. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे, कागद घेऊन या.

घरी परतल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. विलिंगेलची कथा तिला फार आवडली, दोनदा सांगायला लावली. मग विचारलं, "मंग आता तिथल्या बायांना मोळी आणू देत्यात का?"

मी म्हटलं, नाही आई. फिरू देतात. कुणालाही, फुकट.

आई म्हणाली, "फिरून चूल पेटती व्हय रं?"

जयभीम.