व्हीए वेगळे, वॅट वेगळे



वीज गेली तरी रेडिओ आणि भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर चालावा म्हणून पुष्कळ जण इन्व्हर्टर घेतात. त्यावर '६०० व्हीए' असं लिहिलेलं असतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर मात्र वॅट असतात. दोन्ही एकच समजून खरेदी केली तर ऐन वेळी इन्व्हर्टर बंद पडतो. म्हणून हा फरक आज समजून घेऊ.

व्होल्टला अँपिअरने गुणलं की व्होल्ट-अँपिअर, म्हणजेच व्हीए मिळतात. उपकरण प्रत्यक्षात जी वीज खर्च करतं ती वॅटमध्ये मोजतात. साध्या तारेच्या बल्बात दोन्ही आकडे सारखे येतात. अ‍ॅम्प्लिफायरचं तसं नाही. समजा, २३० व्होल्टवर तो ०.३ अँपिअर घेतो. म्हणजे ६९ व्हीए झाले. पण खर्च ४५ वॅटच असू शकतो. ४५ ला ६९ ने भागलं की सुमारे ०.६५ येतात. यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात.

असं का होतं? अ‍ॅम्प्लिफायर वीज संथपणे घेत नाही, सेकंदाला शंभर वेळा लोंढ्याने ओढतो. पिकाला पाणी तेवढंच लागलं, तरी ते लोंढ्याने सोडलं तर पाटाचा बांध मजबूत लागतोच ना? तसंच हे.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

१) वायर, फ्यूज यांच्यासाठी अँपिअर आणि व्हीए पाहा.

२) घरगुती मीटर वॅटप्रमाणे फिरतं. ४५ वॅट १० तास चालले, तर ४५० वॅट-तास. म्हणजे अर्ध्या युनिटहून कमी.

३) ६०० व्हीएच्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर तो ४८० वॅटच देतो. आपल्या उपकरणांचे व्हीए वेगळे आणि वॅट वेगळे मिळवा. दोन्ही बेरजा मर्यादेच्या आत हव्यात. चौथा हिस्सा शिल्लक ठेवा.

४) अ‍ॅम्प्लिफायरवरचे वॅट पुष्कळदा आवाजाचे असतात, विजेचे नव्हेत. दुकानदाराला विचारून खात्री करा.

५) पंपाच्या मोटारीला योग्य कपॅसिटर लावल्यास व्हीए कमी होतात. रेडिओला मात्र तो लावू नका. तिथे त्याचा उपयोग नाही.

पट्टी वाचा, हिशेब मांडा आणि मगच पैसे मोजा.