रिटर्न आपलं, किल्लीही आपलीच

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर, ऑगस्ट २०२५)

आम्ही केनवडहून बोलतो आहोत. रिसोड तालुक्यातलं, वाशिम जिल्ह्यातलं हे सोयाबीन-तुरीचं गाव. इथे एका खोलीत दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक इन्व्हर्टर मांडून आम्ही काही जणी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. जून लागला की इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून घ्यायला लोक येऊ लागतात. साधी रिटर्न आम्ही भरतो आणि हिशेब गुंतागुंतीचा असला की सीएकडे पाठवतो.

रिटर्न हे मोठ्या लोकांचं काम, असं तुमच्यातल्या काही जणींना वाटत असेल. पण आमच्याकडे येतं कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई येतात, आरोग्य सेविका येतात, किराणा दुकानवाली येते, आणि मालक गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बायाही येतात. त्यांच्यापैकी कित्येकींना एक रुपयाही कर बसत नाही. तरी त्यांचे पैसे सरकारजमा झालेले असतात.

ते कसे, एक हिशेब बघा. बावन्न वर्षांची एक विधवा. तिला महिन्याला १८ हजार निवृत्तिवेतन, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. मालकांच्या फंडाचे पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवलेले, त्यावर वर्षाला ६० हजार व्याज. २०२४-२५ या आर्थिक वर्षात, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत, साठीच्या आतल्या माणसाचं बँकेतलं व्याज ४० हजारांच्या वर गेलं की बँक दहा टक्के टीडीएस कापायची. या बाईचे ६ हजार कापले गेले. तिचं एकूण उत्पन्न २ लाख ७६ हजार. नव्या करपद्धतीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे हे ६ हजार तिचेच आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सव्वा क्विंटल सोयाबीनच म्हणा की. शेतातून एवढं सोयाबीन कोणी उचलून नेलं, तर आपण गप्प बसू का?

आता २०२५ च्या तारखेबद्दल. नोकरदार आणि पेन्शनवाल्यांची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. २०२५ मध्ये फॉर्ममध्ये बरेच बदल झाले, त्यांची सॉफ्टवेअर तयार व्हायला वेळ हवा, म्हणून ही तारीख १५ सप्टेंबर केल्याचं २७ मे रोजीच जाहीर झालं. लोकांना वाटलं, बरं झालं, दीड महिना वाढला. पण हा दीड महिना कोणता होता ते बघा. त्यात पोळा होता. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती होते, ३१ ला महालक्ष्म्या आल्या, २ सप्टेंबरला उठल्या. त्यानंतर लगेच पितरांचा पंधरवडा. घरातल्या बाईला या दिवसांत कागद शोधायला कधी सवड मिळणार?

आणि सगळ्यांनाच हा पूर्ण वेळ मिळालेला नाही. आपल्याकडे पुष्कळ नोकरदार बायांच्या नावावर सातबारा आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरं. पण ते उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर असलं, की ‘सहज’ नावाचा सोपा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. मग आयटीआर-२ भरावा लागतो. ‘सहज’चं सॉफ्टवेअर मेअखेरीस आलं, आयटीआर-२ चं यायला जुलैचा दुसरा आठवडा उजाडला. शहरातल्या बिनशेतीच्या नोकरदाराचं काम जूनमध्ये उरकलं. केनवडच्या शेतीवाल्या मास्तरीणबाई मात्र कागद हातात घेऊन थांबल्या.

शेवटच्या दिवशी काय होतं, तेही आकड्यांत सांगतो. ३१ जुलै २०२४ या एका दिवसात देशभरातून ६९ लाख ९२ हजार रिटर्न भरली गेली. त्यात संध्याकाळी ७ ते ८ या एका तासात ५ लाख ७ हजार. आपल्याकडे ही वेळ दिवाबत्तीची आणि भाकरी टाकायची. त्याच तासाला सगळा देश एका दारातून आत शिरायला बघतो.

दार कधीकधी अडतंही. ७ जून २०२१ ला आयकर विभागाची नवी साइट सुरू झाली. इन्फोसिस कंपनीने ती बनवली होती. लॉगिन होईना, ओटीपी येईना, भरलेली माहिती दिसेना, अशा तक्रारी देशभरातून आल्या. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. त्या वर्षी शेवटची तारीख सरकत सरकत ३१ डिसेंबरवर गेली, आणि त्या शेवटच्या दिवशीही ४६ लाखांवर रिटर्न भरली गेली. त्या वर्षी तारीख वाढली म्हणून दरवर्षी वाढेलच, या भरवशावर राहू नका. तारीख हुकली तर साइट अडली होती का, लाइन गेली होती का, हे शुल्क घेताना कोणी विचारत नाही. करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या वर असलं तर उशिराचं शुल्क ५ हजार. ५ लाखांपर्यंत असलं तर १ हजार. सूट मिळून कर शून्य झाला, तरी हे शुल्क लागू शकतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरत्या काही रीती पाडल्या आहेत. तुम्ही घरी भरा किंवा दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या, त्या उपयोगी पडतील.

पहिली रीत, साइटवर बसून फॉर्म भरायचा नाही. आयकर विभागाचं ऑफलाइन सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते संगणकावर उतरवून घ्यायचं. आपली आधीच भरलेली माहिती साइटवरून एकदा फाइलमध्ये घ्यायची आणि बाकीचं सगळं इंटरनेट नसतानाही भरायचं. लाइन गेली, नेट गेलं, तरी आधी साठवलेलं काम जात नाही. दर थोड्या वेळाने साठवायचं, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची. साइटशी काम फक्त शेवटी, फाइल चढवताना. ते आम्ही पहाटे करतो. साइट तेव्हा मोकळी असते, आणि चूल पेटायच्या आत दोन-तीन रिटर्न निघतात.

दुसरी, संगणकाचं घड्याळ बघायचं. हे ऐकून हसू येईल. पण आमच्या जुन्या संगणकावर लाइन येऊन-जाऊन झाली, की एकही सुरक्षित साइट उघडेना. नेट तर चालू होतं. शेवटी कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर संगणक कित्येक वर्षं मागे गेलेला. आतल्या बोर्डावर बटणासारखा एक छोटा सेल असतो, तो संपला की वीज जाताच तारीख मागे जाते. तारीख चुकली, की साइटचं प्रमाणपत्र संगणकाला खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. नवा सेल बसवला आणि काम सुरू झालं. तेव्हा साइट उघडत नसली, तर आधी तारीख बघा, मग ब्राउझरमधली जुनी साठवण पुसा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. सर्व्हरला दोष त्यानंतर द्या.

तिसरी, पैसे दोनदा भरायचे नाहीत. कर भरताना खात्यातून रक्कम जाते आणि पावती येत नाही, असं होतं. एक बाई घाबरून म्हणाली, “पैसे त गेले व ताई, मंग पावती काहून नाही आली? परत भरू का?” आम्ही म्हटलं, थांबा. साइटवर भरण्याच्या नोंदी असतात, त्या दुसऱ्या दिवशी बघायच्या. पावती उशिरा येऊ शकते किंवा पैसे खात्यात परत येऊ शकतात. शेवटच्या तारखेच्या आधी हात घातला असला तरच असं थांबता येतं.

चौथी, अडचण आली की पडद्याचा फोटो काढायचा. तारीख-वेळ दिसली पाहिजे. त्या फोटोसह साइटवर तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा.

ही झाली यंत्राची दुखणी, त्यांच्यावर इलाज आहे. आमचा जास्त वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टीत.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका बाईचं रिटर्न सगळं भरून झालं. साइट चालू, लाइन चालू, नेट चालू. फक्त आधारचा ओटीपी टाकायचा राहिला. विचारलं, मोबाइल कुठे? म्हणाल्या, “तो नंबर त पोराचा हाये. पोरगा पुण्याले कंपनीत हाये.” पोराला फोन लावला, तर तो कामावर, फोन बाहेर जमा केलेला. तो सुटेपर्यंत आम्ही बसलो. त्याने ओटीपी सांगितला तोवर त्याची मुदत संपली, दुसरा मागवावा लागला. बाई सकाळी आल्या होत्या, दिवेलागणीला घरी गेल्या. त्यांच्याच पैशाच्या कुलपाची किल्ली पुण्याला होती.

हे एकटीचं नाही. कोणाच्या आधारला दिराचा नंबर, कोणाच्या बँकेत वारलेल्या मालकांचा बंद पडलेला नंबर. बायांनो, हा नंबर आता आपला करा. आधार केंद्रात स्वतः जाऊन, अंगठा देऊन हे करता येतं, शुल्क सप्टेंबर २०२५ पर्यंत ५० रुपये होतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही हे काम करतात, गावातल्या पोस्टात विचारा. ते होईपर्यंत ओटीपीशिवायही वाट आहे. रिटर्नच्या पोचपावतीवर सही करून ती ३० दिवसांच्या आत टपालाने बंगळुरूच्या केंद्रात पोहोचवता येते. पण ओटीपी किंवा सही, दोन्हींपैकी एक झालंच पाहिजे. सबमिटचं बटण दाबलं म्हणजे रिटर्न भरलं असं नव्हे. ३० दिवसांत पडताळणी झाली नाही, तर पडताळणी होईल ती तारीख भरल्याची धरतात, आणि मग उशिराचं शुल्क बसू शकतं.

दुसरं दुखणं नावाचं. पॅन कार्ड माहेरच्या नावाचं, मधे वडिलांचं नाव. आधार सासरच्या नावाचं, मधे नवऱ्याचं नाव. बँकेत तिसरंच. आपल्याला तिन्ही आपलीच नावं वाटतात. संगणकाला त्या तीन बाया दिसतात. मग पॅन-आधार जोडणी अडते, खात्याची पडताळणी अडते, आणि रिफंड मंजूर होऊनही खात्यात येत नाही. लेकीचं लग्न झालं की हळदीचे डाग जायच्या आत कागदांवर एकच नाव कोणतं ठेवायचं ते तिला ठरवू द्या. माहेरचं ठेवलं तरी चालतं. सगळीकडे एक असलं म्हणजे झालं.

तिसरं दुखणं सगळ्यांत महागाचं. गर्दीच्या दिवशी लोक म्हणतात, “तुमचाच नंबर टाका ना ताई, तुमचाच ईमेल टाका, कोण ओटीपी शोधत बसते?” आम्ही ते करत नाही. याने दोन-चार गिऱ्हाइकं नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ दे. कारण पुढे विभागाचं पत्र आलं, तर ते त्या नंबरावर आणि त्या ईमेलवर येणार. २०२५ मध्ये १४ जुलैला आयकर विभागाने देशात दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून मोठा रिफंड मिळवून देणारे काही एजंट त्यात सापडले. विभागाने असंही सांगितलं, की ढिगाने रिटर्न भरण्यापुरते ईमेल उघडायचे आणि मग सोडून द्यायचे, असा प्रकार चालला होता. त्यामुळे नोटिसा गेल्या, पण कोणी वाचल्याच नाहीत. एजंट टक्केवारी घेऊन मोकळा होतो. दंड, व्याज आणि जबाबदारी मात्र ज्याच्या नावाचं रिटर्न त्याच्यावर. “दुप्पट रिफंड काढून देतो” म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. १२ लाखांपर्यंत कर नाही, हे ऐकून पुष्कळ जणी म्हणतात, मग आम्ही कशाला भरू? ती सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला आहे. २०२५ मध्ये भरायचं होतं ते त्याआधीच्या वर्षाचं रिटर्न, त्याला नव्या पद्धतीत ७ लाखांची मर्यादा होती. आणि कर शून्य झाला, तरी उत्पन्न ३ लाखांच्या वर असेल तर त्या वर्षाचं रिटर्न भरावंच लागायचं.

तर आता काय करायचं? एक पिशवी करा. त्यात पॅन, आधार, बँकेचं पासबुक, पगार असेल तर फॉर्म १६, मुदत ठेवीचं व्याजाचं पत्रक आणि एक वही ठेवा. वहीत कोणत्या कागदावर कोणता मोबाइल नंबर आहे ते लिहा. पासवर्ड स्वतः ठरवा आणि तो भरून देणाऱ्याच्या वहीत ठेवू नका. आमच्याही नाही. मुदतीच्या आत भरून घ्या. भरून झालं की पोचपावती मागा, त्यावर पडताळणी झाली का ते वाचून घ्या, आणि कोणतं बँक खातं टाकलं ते बघा. ज्यांचं मुदतीत जमणार नाही, त्यांना ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. टीडीएस कापलेल्या ज्या बाईचं उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे, तिला तेव्हा शुल्कही नाही. पण त्यानंतर आपलेच पैसे मागायची वाट फार अवघड होते.

सर्व्हर यापुढेही बसेल, लाइनही जाईल. हाताशी आठ दिवस आणि आपला मोबाइल आपल्याजवळ असला, तर त्याने फार काही बिघडत नाही. काही अडलं तर या. खोलीचं दार सकाळी साडेपाचलाच उघडतं. येताना कागदाची पिशवी आणा, आणि मोबाइल चार्ज करून आणा.