चढाई एकट्याची, पकड गावाची

(पारगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संध्याकाळी इथं येताना मैदानाजवळ थांबलो होतो. नऊ-दहा मुलं फक्की टाकून कबड्डीच्या रेषा मारत होती. एकेकाला विचारलं, "बाळा, तू कुठं खेळतोस?" पहिला म्हणाला, "रेडर." दुसरा म्हणाला, "रेडर." सगळी रांग संपली आणि सात रेडर निघाले. "मग लेफ्ट कॉर्नर कोण?" असं विचारल्यावर मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी त्यांनी सगळ्यांत शांत असलेल्या एका मुलाला पुढं ढकललं. आजचं माझं सगळं बोलणं त्या मुलासाठी आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. चढाई एका माणसाच्या अंगात असते. पकड मात्र सगळ्या गावाच्या अंगात असावी लागते. गावच्या संघानं आपला खेळ पकडीवर उभा करावा, कारण शहरातल्या मोठ्या संघाला पैसे देऊनही लवकर मिळत नाही अशी एक गोष्ट आपल्याकडं आहे. ती म्हणजे वर्षानुवर्षांची सोबत.

आधी मैदान मोजू या. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मध्यरेषेनं दोन भाग झाले, की एका संघाकडं साडेसहा मीटर खोल जागा येते. दोन्ही कडांना एकेक मीटरची राखीव पट्टी असते आणि झटापट सुरू झाल्यावरच ती खेळात येते. म्हणजे रुंदी उरली ८ मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागं एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेच्या मागं उरली फक्त पावणेदोन मीटर जागा. सात जणांना या एवढ्या तुकड्यात उभं राहायचं असतं.

आता चढाई करणाऱ्याच्या बाजूनं बघा. त्याला निदान रेषा ओलांडावी लागते, नाहीतर कुणाला तरी स्पर्श करावा लागतो. आत येताना त्याचं तोंड आपल्याकडं असतं, डोळे उघडे असतात, मन ताजं असतं. परत जाताना पाठ वळते, दम संपत आलेला असतो आणि पावणेचार मीटर तोडायचे असतात. येणाऱ्याला अडवणं अवघड असतं, जाणाऱ्याची वाट बंद करणं त्या मानानं सोपं. ज्या संघाला हे कळलं, त्याला निम्मी कबड्डी कळली. आपली मुलं येणाऱ्यावर झेपावतात आणि गुण देऊन बसतात.

ही वाट बंद करायला दोन कामं लागतात. पहिलं काम कोपऱ्यातल्याचं. चढाईपटू बोनस गुणासाठी पाय टाकतो तेव्हा एक पाय रेषेपलीकडं आणि दुसरा हवेत असतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन एकाच घोट्यावर असतं. कॉर्नरनं त्या घोट्याला हात घातला, की चढाईपटू थबकतो. तो पडत नाही, नुसता थबकतो. दुसरं काम कव्हरचं. त्या एका क्षणात कव्हरनं पुढं सरून मध्यरेषेकडची वाट अंगानं अडवायची. कॉर्नर वेळ मिळवून देतो आणि कव्हर दार लावून घेतो. कॉर्नरनं धरलं आणि कव्हर अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू कॉर्नरला ओढत रेषेपर्यंत जातो. कव्हर आधीच धावला, तर चढाईपटू त्यालाच हात लावून निघून जातो. सगळा खेळ त्या अर्ध्या क्षणाचा आहे.

हा अर्धा क्षण शिकवायचा कसा? साखळीनं. दोघं हात धरून उभे राहतात ते शोभेसाठी नव्हे. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते डोळ्यांना कळण्याआधी हाताला कळतं. त्याचा हात मागं ओढला गेला, की त्याला धोका दिसला. हात सुटला, की तो झेपावला. हात फार आवळून धरला तर एक पडताना दुसऱ्यालाही घेऊन पडतो, आणि सैल धरला तर निरोप पोहोचत नाही. हे माप पुस्तकात सापडत नाही. रोज एकाच माणसाचा हात धरल्यानं ते येतं. म्हणून मी पकडीला गावाची गोष्ट म्हणतो. एका शाळेत शिकलेली, एका उसात पाणी धरलेली, एका यात्रेत नाचलेली दोन पोरं शेजारी उभी राहिली, की निम्मी साखळी जुळलेलीच असते.

आपल्या भागात कुस्ती मुरलेली आहे. यात्रा म्हटली की बैलगाडा आणि आखाडा आलाच. कबड्डीतला पट आपण कुस्तीतूनच आणला आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आखाड्याची एक सवय मैदानात घात करते. कुस्तीत मल्ल एकटा असतो, त्यानं धरलं तर चितपटही त्यानंच करायचं असतं. कबड्डीत एकाविरुद्ध सात उभे असतात, तरी कितीदा तरी तो एकटाच जिंकून जातो. का? कारण समोरचे सात, एक झालेले नसतात.

यातलं दुःख मी स्वतः भोगलं आहे. तरुणपणी एका यात्रेतल्या स्पर्धेत आमचा संघ शेवटच्या मिनिटाला एका गुणानं पुढं होता. मैदानात आम्ही पाच जण होतो. बोनस मिळायला समोर निदान सहा जण लागतात, तेव्हा चढाईपटूला बोनस नव्हता. गरज त्याला होती, आम्हाला नव्हती. आम्ही नुसतं मागं राहून वाट बघायची होती. मी राइट कव्हर होतो. शेवटची पकड आपण करावी, गावानं आपल्याला खांद्यावर घ्यावं, या मोहानं मी शेजाऱ्याचा हात सोडला आणि पुढं उडी मारली. चढाईपटूनं मला चुकवताना हात लावला. मला वाचवायला कॉर्नर धावला, त्यालाही हात लागला. दोन गुण गेले आणि एका गुणानं सामना गेला. माझ्या शेजाऱ्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तो सोडलेला हात मात्र मला आजही आठवतो. म्हणून मुलांनो, प्रत्येक चढाईआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : आत्ता गुणाची गरज कुणाला आहे?

या प्रश्नाचं उत्तर मैदानावरच्या माणसांच्या संख्येवरही ठरतं. समोर सहा-सात जण असले तर चढाईपटू बोनसवर डोळा ठेवतो, तेव्हा कॉर्नर जागा हवा. पाच जण उरले की बोनस गेला, मग तो स्पर्शासाठी आत येणारच, तेव्हा कव्हर जागे हवेत. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली, तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण जास्त मिळतो. म्हणजे हरत आलेल्या संघाच्या हातात नियमानं एक हत्यार दिलेलं आहे. आपल्या संघांत तिघं उरले की माना खाली जातात. त्या वेळी मान वर पाहिजे, कारण समोरचा आता तुम्हाला भिऊन आत येतो आहे.

बाद झालेला खेळाडू आपल्या संघानं गुण मिळवल्यावर परत आत येतो, हे आपल्याला आज साधं वाटतं. पूर्वी हुतूतूचे तीन प्रकार होते. अमरमध्ये कुणी बाद होऊन बाहेर जात नसे. गामिनीमध्ये गेलेला परत येत नसे. संजीवनीमध्ये गेलेला जिवंत होई. आजची कबड्डी संजीवनीतून आली आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम बांधायला हात घातला, १९२३ मध्ये बडोद्याला नियमांची घडी बसवून अखिल भारतीय स्पर्धा झाली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं हा खेळ बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला. पुढं बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य वेचलं, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. या सगळ्यांनी जो प्रकार टिकवला, त्याचा अर्थच असा, की एकानं मिळवलेल्या गुणानं दुसरा जिवंत होतो.

आता थोडं दूर जाऊ. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे. १८८४ मध्ये थर्ल्स गावी त्याची संघटना स्थापन झाली. तिथं क्लब म्हणजे गाव. खेळाडू आपल्या गावाकडून खेळतो, मानधन घेत नाही, सोमवारी आपल्या कामावर जातो. पंधरा-पंधरा जणांचा हा खेळ आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. २०१२ मध्ये डोनेगल या परगण्यानं तिथलं सर्वोच्च विजेतेपद मिळवलं. त्यांचे प्रशिक्षक जिम मॅकगिनेस यांनी चेंडू गेला की जवळजवळ सगळ्यांना मागं आणून भिंत उभी करायला शिकवलं होतं. मग गावोगावच्या क्लबांनी तेच उचललं. पण भिंत उचलली आणि भिंतीतून वेगानं बाहेर पडणं उचललं नाही. खेळ संथ झाला, लोक कंटाळले. शेवटी २०२५ मध्ये नियम बदलावे लागले : प्रत्येक संघाचे निदान तीन खेळाडू दोन्ही अर्धांत राहिलेच पाहिजेत आणि ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण.

आपल्याकडंही हेच घडलं. आघाडी मिळाली की संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढायचे. मग लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, हा नियम आला आणि खेळात पुन्हा जीव आला. यातून मी एवढं शिकलो, की बचाव म्हणजे अंग चोरणं नव्हे. ज्या बचावाला पकड करायचीच नाही, त्याचा लोकांना वीट येतो. मी तुम्हाला धाडसी बचाव मागतो आहे.

तसा बचाव किती पुढं नेतो ते बघा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना उपान्त्य फेरीत इराणनं अठराच गुणांवर रोखून २७-१८ असं हरवलं आणि आपल्या महिला अंतिम सामन्यात इराणकडूनच २७-२४ अशा हरल्या. इराणच्या त्या मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पाच वर्षांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आणलं आणि त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक तेच ठरलं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आणि त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण मिळवणारा मोहम्मदरेझा शादलूईही पलटणचाच होता. आपली मुलं अस्लमची उडी पाठ करतात, ती जरूर करावी. पण अंतिम सामन्यात पंचवीस गुणांवर समोरच्याला रोखणारे हातही त्यांनी पाहावेत.

एक अडचण खरी आहे. ते मॅटवर खेळतात, आपण मातीवर. मातीत पाय किंचित सरकतो, म्हणून उशिरा धरलेला घोटाही कधी कधी हाती लागतो. मॅटवर बूट चिकटतो, चढाईपटू जागच्या जागी वळतो, उडी मारून सावरतो. मातीवर घडलेला कॉर्नर मॅटवर गेला, की त्याचा हात रोज अर्धा क्षण मागं पडतो. मॅट नसली तरी हे दुखणं आधी ओळखून सराव करता येतो. चढाईपटूचा पाय टेकल्यावर नव्हे, टेकण्याआधी हात टाकायला शिकवा.

मग पारगावनं काय करावं? कॉर्नर आणि त्याच्या शेजारच्याची जोडी ठरवा आणि वर्षभर मोडू नका. सरावाचा पहिला अर्धा तास चढाई बंद ठेवा आणि नुसती साखळी हलवा, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. आठवड्यातून एक दिवस तीनच खेळाडू ठेवून अव्वल पकडीचा सराव करा. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं, तेही शेजारी आखा. आणि बक्षीस देताना उत्कृष्ट चढाईपटूला जेवढं द्याल, तेवढंच उत्कृष्ट पकडपटूला द्या. गाव ज्याचं कौतुक करतं, मुलं तेच व्हायला बघतात.

शेवटची मागणी मोठ्या माणसांकडं आहे. तुमच्या मुलांचा सराव दिवेलागणीला थांबतो. कारण तुम्ही जाणता. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर, कारखान्याच्या जोरावर इथं ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. मळ्यात राहणाऱ्या मुलाला अंधारात एकट्यानं घरी जायची भीती वाटते, आणि ती खरी भीती आहे. अशानं गावचे सगळ्यांत चिवट खेळाडू, मळ्यावरची मुलं, सराव सोडतात. मैदानावर दोन दिवे लावा. रोज पाळीनं दोन बाप्यांनी या मुलांना टोळीनं घरी पोचवून यावं, हातात बॅटरी, काठी आणि मोठ्यानं गप्पा. मैदानावरच्या साखळीचं दुसरं टोक गावाच्या हातात असतं. ते तुम्ही धरलंत, तर संध्याकाळी पुढं ढकललं गेलेलं ते लेफ्ट कॉर्नरचं पोर उद्या आपणहून पुढं येईल.