आम्ही निवृत्त बंबवाले

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम ठरवताना मला सांगण्यात आलं, "तू बंबावर होतास, तर आगीच्या दोन-चार गोष्टी सांग." आगीच्या गोष्टी लोकांना ऐकायला आवडतात, हे खरं आहे. आज मात्र मी त्या फारशा सांगणार नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही बंबवाले एकमेकांना कसे धरून आहोत, तेवढंच सांगतो. आपण सगळे आता पासष्टी ओलांडलेले आहोत. त्यामुळे यातलं काही आपल्याही उपयोगी पडेल.

मी १९८२ साली मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो आणि २०१८ साली लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षांतली बरीचशी स्टेशनवरच्या क्वार्टर्समध्ये गेली. मुंबईत अनेक ठिकाणी खाली बंब उभे असतात आणि वर आमची कुटुंबं राहतात. घंटा झाली की ती खाली आम्हांला ऐकू यायची, तशी वर बायकापोरांनाही ऐकू यायची. गाडी बाहेर पडली की बायका गॅलरीत येत. गाडी परत आली की पुन्हा गॅलरीत येत आणि उतरणारी माणसं मोजत. कुणी कुणाला हे शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचा माणूस दिसला तरी जीव भांड्यात पडायचा.

आता मोजण्याचीच गोष्ट पुढे सांगतो. धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावतो. त्याला आम्ही बी.ए. सेट म्हणतो. त्याचे दोन नियम आहेत. पहिला, आत एकट्याने जायचं नाही, निदान जोडी हवी. दुसरा, आत जाणाऱ्याने आपला बिल्ला बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस एका फळ्यावर नाव, सिलिंडरमधला दाब आणि आत गेल्याची वेळ लिहितो आणि हवा कधी संपेल याचा हिशेब करतो. कुणी वेळेवर बाहेर आला नाही, तर त्याला शोधायला दुसरी जोडी पाठवायची. या माणसाच्या हातात पाण्याचा पाइप नसतो, त्याचा फोटो पेपरात येत नाही. पण आत धुरात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, तेव्हा बाहेर कुणीतरी आपलं नाव धरून उभा आहे, एवढ्या विश्वासावर माणूस पुढे सरकतो.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, शाल मिळते. त्यानंतर काही दिवसांत क्वार्टर सोडावं लागतं. नियमच तसा आहे आणि तो योग्यही आहे, कारण मागून येणाऱ्या पोरांना जागा हवी. पण इतर नोकऱ्यांत माणूस ऑफिस सोडतो, घर तेच राहतं. आमचं काम, घर, शेजार आणि घंटा, सगळं एकाच वेळी सुटतं. कुणी विरारला जातो, कुणी बदलापूरला, कुणी साताऱ्याकडे, कुणी माझ्यासारखा कोकणात परततो. फळ्यावरचं नाव पुसलं जातं.

२०१९ साली आमच्या स्टेशनवरचा एक सहकारी वारला. आम्हांला ते चार महिन्यांनी समजलं, तेही त्याच्या पत्नीने कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी जुन्या नंबरांवर फोन करत करत कुणाला तरी गाठलं म्हणून. ती बाई चार महिने एकटी खिडक्या फिरत होती. त्या दिवाळीत आम्ही नऊ जण दादरला एकाच्या घरी जमलो आणि एक वही घातली. आज त्या वहीत एकतीस नावं आहेत. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. वही आहे आणि जोड्या आहेत.

काम साधं आहे. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिला आहे. रविवारी सकाळी दहाच्या आत एकमेकांना फोन करायचा. फोन उचलला नाही तर दुपारी पुन्हा करायचा. संध्याकाळपर्यंत लागला नाही तर वहीत बघून त्याच्या जवळ राहणाऱ्याला कळवायचं आणि त्याने स्वतः जाऊन यायचं. मेसेज पाठवून भागत नाही. फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवणारा माणूस आजारीही असू शकतो, हे आम्हांला अनुभवाने कळलं आहे. आवाज ऐकायचा.

फोनवर ठरलेल्या तीन गोष्टी विचारायच्या. जिना चढताना दम लागतो का, लघवीतून रक्त जातं का आणि झोप लागते का. तुम्ही हसाल, आम्हीही सुरुवातीला हसलो होतो. पण त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑन इथे आहे. २०२२ साली तिने अग्निशमनाचं काम कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. फुप्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग, या दोहोंबाबत पुरेसा पुरावा असल्याचं त्यांनी म्हटलं. याचा अर्थ प्रत्येक बंबवाल्याला तो होतो असा नाही. पण जळणारं प्लॅस्टिक, फोम, रंग, केबल यांचा धूर आम्ही वर्षानुवर्षं अंगावर घेतलेला आहे. तेव्हा विचारलेलं बरं.

आमचा एक ड्रायव्हर-ऑपरेटर सांगली जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहतो. आमच्यात पंपापाशी उभा राहून सर्वांना पाणी पुरवणारा तो. पत्नी गेलेली, मुलगा पुण्याला. एका रविवारी जोडीदाराने दुसरा प्रश्न विचारला, तर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दुखत काही नाही रे, मध्येच एकदा लाल झाली होती. उन्हाने असेल." जोडीदाराने सोमवारी एस.टी. पकडली आणि त्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. मूत्राशयात गाठ होती, अगदी सुरुवातीची. दुर्बिणीतून काढली. कशामुळे झाली हे एका माणसापुरतं नेमकं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षं झाली, ठरल्या वेळी तपासणीला जातो, शेतात ऊसही लावतो. मी त्याला विचारलं, "मुलाला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "पोराला असलं कसं सांगायचं? आणि मला तरी कुणी विचारलं होतं?"

पुरुषांचं हे असंच असतं. त्यात आमचं जरा जास्त. आम्ही घरी कधी काही सांगितलंच नाही. रात्री काय बाहेर काढलं, कुणाचं पोर होतं, हे बायकोला सांगून तिची झोप कशाला घालवायची? ते आत साचत जातं आणि निवृत्तीनंतर, दिवसभर हाताला काम नसताना, वर येतं. एकमेकांत बसलो की फार बोलावं लागत नाही. कुणी म्हणतो, "तो चाळीतला कॉल..." आणि ऐकणारा म्हणतो, "हं." पुढचं वाक्य कुणीच पूर्ण करत नाही. पण ते ओझं थोडा वेळ दोघांनी उचललेलं असतं. फार झोप जात असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला हल्ली आम्ही स्पष्ट सांगतो. दोघे जातातही, आणि ते लपवत नाहीत.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्यांना मोबाइलवर जमत नाही, त्यांच्यासाठी आमच्यातला एक सबऑफिसर साहेब आधीच्या आठवड्यात दादरला बसतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मी त्यांना साहेबच म्हणतो. ते मला चहा करून देतात, तो घेतानाही मी उभाच राहतो. ते रागावतात. इतक्या वर्षांची सवय, जात नाही.

भांडणंही होतात. निवडणुका आल्या की ग्रुपवर इतकी जुंपते की दोन जण रुसून बाहेर पडतात. पण रविवारचा फोन दोघांनीही चुकवलेला नाही. एकाने तर तीन प्रश्न विचारून, बाकी एक अक्षर न बोलता फोन ठेवून दिला. आम्ही म्हटलं, चालेल.

आणि आमचा एक सण आहे, १४ एप्रिल. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते आणि देशभर अग्निशमन सेवा दिनही असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि मोठा दारूगोळाही होता. बंबवाले पाणी मारत होते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली. दरवर्षी भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांना मानवंदना दिली जाते. आम्ही निवृत्त मंडळी मागे उभे राहतो. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत आमच्या दलाचे चार अधिकारी गेले, त्यांचीही आठवण तिथे निघते. ज्यांना आपण पाहिलंही नाही, त्यांचा आकडा ऐंशी वर्षांनंतरही चुकू न देणारं दल, जिवंत माणसांच्या मोजणीत कसं चुकेल, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

मित्रहो, आपल्या तुकडीत आपण चौसष्ट जण होतो. आज सकाळी मुख्य दाराशी नाव लिहिताना मी पाहिलं, अडतीस आले आहेत. नऊ जण आपल्यातून गेले, त्यांना आपण मघाशी श्रद्धांजली वाहिली. राहिले सतरा. ते कुठे आहेत, कसे आहेत, हे इथे कुणाला ठाऊक आहे? आपल्या वर्गशिक्षकांना तरी हे चालायचं नाही. हजेरीत एक नाव अनुत्तरित राहिलं तर सर शेजारच्या बाकावरच्याला उभं करून विचारत, "तो का नाही आला रे?" आणि माहीत नसेल तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायला सांगत.

माझी विनंती एवढीच आहे. चहाच्या वेळी मी मागच्या टेबलावर एक कोरी वही घेऊन बसणार आहे. त्यात आपलं नाव, पत्ता, फोन आणि घरातल्या आणखी एका माणसाचा फोन लिहा. सतरांपैकी कुणाचा ठावठिकाणा माहीत असेल तर तोही लिहा. जेवणाआधी आपण जोड्या पाडू. मुलींनी मुलींशी, मुलांनी मुलांशी असं काही नाही, शेजारचं गाव बघून पाडू. सरांनी आणि बाईंनीही आपली नावं लिहावीत, अशी हात जोडून प्रार्थना आहे. तुम्हांला फोन करायला आम्हां सगळ्यांची चढाओढ लागेल. आजचा वार शनिवार आहे, म्हणजे पहिला फोन उद्याच करायचा आहे.