एकट्या मातेचे रक्षण आणि आपली जबाबदारी

(वाई येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वकील नाही. सूतगिरणीत पाळी करून, मिळेल ते वाचत शहाणे झालेले कामगार आहोत. पण आज एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्या एका लेकीला नवऱ्याने दोन पोरांसह माहेरी आणून सोडलं. भांडण कोर्टात जाऊ नये, समाजाची अब्रू राहावी, म्हणून आम्ही पंच बसलो. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली. ती स्वतःसाठी वा मुलांसाठी पोटगी मागणार नाही, असंही त्यात घातलं. तिने खाली मान घालून सही केली. साक्षीदार म्हणून आम्हीही केली. वर्षाच्या आत नवरा दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. ती मात्र लोकांच्या रानात भांगलायला जाऊ लागली.

पुढे वाचनात आलं, की कोर्टाच्या हुकुमाशिवाय नुसत्या स्टॅम्पपेपरने असं लग्न मोडत नाही. आणि पोटगीचा हक्क लेकरांचा स्वतःचा असतो. तो आईलासुद्धा सोडून देता येत नाही. मग आम्ही पंच तो सोडणारे कोण?

बंधूंनो, बाबासाहेबांची आई भीमाबाई याच साताऱ्यात वारल्या. लहानग्या भीमाला आत्या मीराबाईंनी सांभाळलं. पोरक्या लेकराला आधार लागतो, हे त्यांनी भोगलं होतं. कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं. ते बिल रखडवलं गेलं, हे १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. पुढे १९५५-५६ साली विवाह, वारसा, पोटगीचे कायदे तुकड्या-तुकड्यांनी झाले. ते आपल्या बौद्धांनाही लागू आहेत. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे. तो जरूर व्हावा. पण टाकलेल्या बाईच्या पोटगीची आणि निवाऱ्याची हमी त्यात आधी हवी.

आपल्या भागातही हा लढा झालेला आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर परित्यक्तांसाठी उभ्या राहिल्या. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. त्या काळी फौजदारी कायद्यात पोटगीला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. पूर्वीचं १२५ कलम आता, १ जुलै २०२४ पासून, नव्या संहितेत १४४ झालं आहे. बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे जावं. मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१, लेकरांसाठी १०९८ फिरवावा.

पण कायदा आपल्या पायाने घरी येत नाही. एकटी बाई कोर्टाची पायरी चढताना भावकी तोंड फिरवते, म्हणून ती अर्ध्यातून परतते.

तेव्हा विहाराने तीन गोष्टी ठरवाव्यात. मंगलपरिणय लागला की लग्नाची नोंदणी करून घ्यावी. सोडचिठ्ठीच्या कागदावर आपल्यातल्या कोणीही साक्षीदार होऊ नये. आणि कोर्टाच्या तारखेला तिच्यासोबत दोन माणसं जावीत. एक तरी बाई असावी.

त्या लेकीबरोबर आता आम्ही जातो. समोरच्या वकिलाने तोच कागद पुढे करून विचारलं, ही सही तुमचीच ना? आम्ही म्हणालो, होय साहेब, सही आमचीच, आणि चूकही आमचीच. तारखा अजून चालू आहेत. पुढच्या तारखेला आमच्याबरोबर कोण येणार, एवढं आज इथून उठण्याआधी सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!