दोरीजवळ या!
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला 'निवृत्तीनंतरचे आरोग्य' हा विषय दिला होता. त्यावर डॉक्टर बोलतीलच. मी टेनिसमधल्या व्हॉलीवर बोलतो. आपल्या मागच्या मोकळ्या जागेत मुले दोरी बांधून खेळतात, पण दोरीजवळ यायला एकही तयार नसतो. हिरकणीवाडीत राहून चेंडूला घाबरायचे! पण हसू नका, मीही घाबरत होतो.

बँकेने पुण्याला बदली केली, तिथे हा नाद लागला. एकदा आंतरशाखा दुहेरी सामन्यात मी नेटवर होतो. शेवटचा गुण. चेंडू सरळ तोंडावर आला आणि मी मान फिरवून खाली बसलो. चेंडू मागे रेषेच्या आत पडला, सामना गेला. जोडीदार होते आमचे हेड कॅशियर. ते काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागले. पुढे चार-पाच वर्षे मी बेसलाइन सोडली नाही.

ती भीती क्लबवरच्या एका म्हाताऱ्या मार्करने घालवली. त्याने मला भिंतीला पाठ टेकवून उभे केले आणि चेंडू टाकत राहिला. मागे भिंत, त्यामुळे रॅकेट मागे नेताच येईना. म्हणाला, "साहेब, मारायचा नाही, अडवायचा." निम्मी विद्या एवढीच. नेटवर पकड बदलायला वेळ नसतो, म्हणून रॅकेट हातोडीसारखी धरायची. फोरहँड, बॅकहँड दोन्हीला तीच. मूठ सैल, चेंडू लागताना तेवढी आवळायची. समोरचा मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी, मग चेंडूकडे पाऊल. उजखोऱ्याने फोरहँडला डावे. खालचा चेंडू कंबरेत नव्हे, गुडघ्यात वाकून घ्यायचा. (माझ्या वयाच्यांनी हे ऐकले नाही असे समजावे.)

मूळच्या गोव्याच्या घराण्यातला लिअँडर पेस आठवा. बेसलाइनवरून त्याच्याहून सरस मारणारे कितीतरी होते. पण नेटवरच्या चपळाईने त्याने दुहेरी आणि मिश्र दुहेरीत मिळून १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत आपल्या गौरव नाटेकरबरोबर सुवर्णही.

मुलांना आधी मऊ चेंडू द्या, आणि अगदी जवळून, हळू टाका. अंगावर दोन-चार लागू देत. लागून काही होत नाही हे कळले की डोळे मिटायचे थांबतात.

हेड कॅशियरसाहेब निवृत्त झाले त्या आठवड्यात आम्ही पुन्हा जोडीने खेळलो. हरलोच. पण तसाच तोंडावर आलेला एक चेंडू मी परतवला. ते एवढेच म्हणाले, "जमलं की हो!"

रविवारी सकाळी सातला मी मागे असतो. रॅकेटी दोनच आहेत. गाड्या मात्र आदल्या रात्रीच काढून ठेवा.